डावीकडून हाक

त्यांना डावीकडून हाक मारली की ते उजवीकडून वळायचे. नुसती मान नाही, अख्खा माणूस. बसलेले असले तर खुर्चीसकट, उभे असले तर पाय हलवत हलवत, देवळात आपण स्वतःभोवती फिरतो तसं एक मोठं वळण घेऊन ते आपल्यासमोर यायचे, उजवा कान किंचित पुढे करायचे आणि म्हणायचे, "हं ताई, इकडून बोला."

डावा कान लहानपणीच गेला असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला ते कळत नाही म्हणतात, म्हणून ते वळण. तुमच्याही ओळखीत असा कोणीतरी असेलच. पहिल्यांदा आपल्याला त्याच्या खोडीचं हसू येतं, मग सवय होते, आणि पुढे आपणच त्या खोडीच्या मापाने वागायला लागतो. स्टाफरूममध्ये त्यांचं टेबल असं लावलेलं होतं की येणारा आपोआप उजवीकडून यावा. चहावाल्या गंगाबाई कप उजवीकडेच ठेवायच्या. नवीन कोणी शिकवायला आलं की मी पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगायची. पाण्याच्या फिल्टरचं बटण कुठे आहे, आणि सरांशी कुठल्या बाजूने बोलायचं.

त्यांचं नाव सांगत नाही. अमरावतीच्या राजापेठेत क्लासच्या गल्लीत चौकशी केलीत तर कोणीही सांगेल, पण करू नका.

मी त्या क्लासच्या काउंटरवर बसते. फीच्या पावत्या फाडायच्या, गैरहजर मुलांच्या घरी फोन करायचे आणि आईबापांचा राग झेलायचा, हे माझं काम. डॉक्टर व्हायला निघालेली मुलं आणि त्यांना डॉक्टर करायला निघालेले आईबाप सकाळपासून माझ्या पुढ्यातून जात असतात. इतक्या वर्षांत मला मुलांच्या चपलांवरून निकाल कळायला लागला, असं मी घरी सांगते. ते खरं नाही. मला काहीच कळत नाही, मी फक्त थकते. निकालाच्या दिवशी पेढे आणणारेही थकलेले असतात आणि तोंड लपवणारेही. पेढे मात्र मी दोघांच्याही नावाने खाते.

सर जीवशास्त्र शिकवायचे. उंच, थोडे पोक काढून चालणारे, थंडीत एकच तपकिरी स्वेटर घालणारे. मोर्शीच्या बाजूच्या एका खेड्यातले, घरी संत्र्याची बाग, एवढं माहीत होतं. पण घरी जाताना कधी दिसले नाहीत. रविवारी ते अकोल्याला जायचे आणि सोमवारी सकाळी पिशवीतून झेंडू-शेवंतीचा एक हार काढून काउंटरमागच्या सरस्वतीच्या फोटोला घालायचे. एसटीत चेंगरून तो हार इथे येईपर्यंत मान टाकायचा. राजापेठेत फुलांची काय कमी आहे? पण सरांना अकोल्याचाच हार लागायचा. एकदा मी विचारलंही, अकोल्याच्या फुलांना वेगळं पुण्य असतं का. ते हसले आणि म्हणाले, "ओळखीचं दुकान आहे."

आता एक गोष्ट मला सांगायची नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्टाफरूममध्ये सरांच्या डाव्या बाजूला आमचा सगळा गप्पांचा कारभार चालायचा. संचालकांना आम्ही मोठे सर म्हणतो. मोठ्या सरांबद्दल बोलायचं असो, नवीन फिजिक्सवाल्याच्या लग्नाबद्दल असो की खुद्द सरांबद्दल, त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून आवाज खाली केला की झालं. त्यांनी लग्न का केलं नाही याची चर्चा त्यांच्यापासून हातभर अंतरावर झालेली आहे. त्या स्वेटरला गोधडीत टाकायचं वय झालं, असं मी स्वतः गंगाबाईंना म्हटलेलं आहे. सर शांतपणे पेपर तपासत असायचे.

शिकवणं मात्र ऐकण्यासारखं होतं. काउंटर आणि वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडचीच भिंत, त्यामुळे मीही निम्मी डॉक्टर झाले. हृदयाचा आवाज शिकवताना ते टेबलावर बोटांनी ठोका धरायचे, लब-डब, लब-डब, आणि मध्येच एक ठोका बिघडवायचे. कोणाला कळला, विचारायचे. शंभरातली एखादी पोर हात वर करायची. "तुला वॉर्डात घेऊन गेलं पाहिजे," एवढीच शाबासकी. कानाचा धडा मात्र ते लवकर आटपायचे. पोरं म्हणायची, सरांना वाईट वाटत असेल. मलाही तसंच वाटायचं.

परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले की ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे. त्या दिवसांत काउंटरवर पोरांची आणि बापांची झुंबड असते. आधार कार्ड, जातीचा दाखला, रहिवासी, फोटोचं माप, सगळ्यांचा घोळ. सर प्रत्येकाचा फॉर्म बघायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "आहे तेवढंच लिहा." कोणी उत्पन्न कमी करून आणलं, आहे तेवढंच लिहा. एका पोराने दहावी अमरावतीत करून शाळेचा पत्ता आजोळच्या खेड्याचा टाकला होता. सरांनी तो खोडायला लावला. बाप मला म्हणाला, फी आम्ही भरतो, याले काय त्रास आहे. मी म्हटलं, त्यांना ऐकू कमी येतं, तुम्ही त्यांच्याशी उजवीकडून बोला. तो त्यांच्या बाजूला गेलाच नाही.

हे सगळं झालं त्या वर्षी वैष्णवी आमच्याकडे दुसऱ्यांदा बसली होती. मोर्शीकडचीच पोरगी, बारीक, दोन वेण्या घालणारी, फिल्टरजवळच्या बाकावर बसून एकटीच डबा खाणारी. आदल्या वर्षी तिची मेडिकलची जागा थोडक्यात गेली होती. बिघडलेल्या ठोक्याला हात वर करणाऱ्यांत ती होती. तिचे वडील गजाननराव. त्यांची संत्र्याची बाग, दारात ट्रॅक्टर, गावात मान. माणूस वाईट नव्हता. आला की काउंटरवर संत्र्यांची पिशवी ठेवायचा, आणि मुलीशी बोलताना तिला 'डॉक्टर' म्हणायचा. 'डॉक्टर, पाणी पेल्या का. डॉक्टर, स्वेटर घाला.' ती मान खाली घालायची. बापाच्या तोंडातला तो एक शब्द त्या पोरीला दप्तरापेक्षा जड होत असावा, असं मला वाटायचं.

फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात गजाननराव दुपारी आले. वर्ग सुटले होते. सर माझ्या शेजारी होते, गंगाबाई कप विसळत होत्या, वैष्णवी बाकावर होती. गजाननरावांना सरांशी खाजगी बोलायचं होतं. मी उठायला लागले, तर सरच म्हणाले, ताईंना असू द्या. मग गजाननरावांनी खुर्ची सरांच्या उजवीकडे ओढली. तेवढी पद्धत त्यांनाही ठाऊक होती.

"सर, गैरसमज नका करू. पोट्टीले थोडेसे मार्क कमी पडून राहिले. या वर्षी बी पडतीनच, मले दिसते ते. अकोल्याचा एक माणूस हाय, तो कानाचं सर्टिफिकेट काढून देते. त्या अपंगाच्या कोट्यातून नंबर लागते. फक्त तपासनीच्या टायमाले पोट्टी बरोबर वागली पायजे." इथे ते थांबले, आणि जरा ओशाळून पुढे झुकले. "तुमाले त सवय हाय जी. तिले आठ-पंधरा दिवस शिकवून द्या, बहिरं मानूस कसं वागते ते."

मला आधी हसूच येणार होतं. मग मी वैष्णवीकडे पाहिलं. ती वहीच्या कोपऱ्याची घडी घालत होती, उलगडत होती. तिला माहीत होतं. म्हणजे हे घरी ठरून झालेलं होतं.

सरांनी काउंटरवरचं पेन उचललं, टोपण लावलं, खिशाला अडकवलं. मग त्यांनी गजाननरावांना आपल्या डाव्या बाजूला यायला सांगितलं, भिंत आणि काउंटर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. इतक्या वर्षांत त्या जागेत केरसुणीशिवाय कोणी गेलेलं नव्हतं. सर म्हणाले, तोंडावर हात धरा आणि हळूच काहीतरी बोला. मी तुमच्याकडे पाहत नाही.

गजाननराव माझ्याकडे पाहायला लागले. मी खांदे उडवले. ते गेले, तोंडावर उपरण्याचं टोक धरलं आणि काहीतरी पुटपुटले. मला जवळ बसूनही ऐकू आलं नाही.

सर समोर भिंतीकडे पाहत होते. "'या बहिऱ्याले का ऐकू येते,' असं म्हनले तुमी," ते म्हणाले.

गंगाबाईंच्या हातून कप बशीवर वाजला. आणि मला पहिली आठवण आली ती त्या गोधडीची, हे मी लपवत नाही. एवढं मोठं काही समोर घडत असताना माझ्या मनात माझंच बोलणं आलं.

मग सरांनी सांगितलं. वर्गात ते पुस्तकी मराठीत बोलायचे, आता घरच्या बोलीत आले होते. बराच वेळ बोलत होते, आवाज कुठे चढला नाही. मी माझ्या शब्दांत सांगते.

त्यांनाही असेच थोडे मार्क कमी पडले होते. वडिलांनी गावात आधीच सांगून टाकलं होतं की पोरगा डॉक्टर होणार. अकोल्याला मामा होता, हुशार, सगळ्या खात्यांत ओळखी असलेला. डावा कान पूर्ण गेला आणि उजवा निम्मा, असा दाखला काढायचं ठरलं. मामाने भाच्याला महिनाभर अकोल्याला ठेवून घेतलं आणि घरातच शाळा काढली. जेवायला बसलं की मामी डावीकडे मागे ताट आपटायची. दचकलं की मामा पट्टी मारायचा. मामेभावंडांना तो खेळच झाला. डावीकडून हळूच येऊन नाव घ्यायचं आणि पळायचं. पहिल्या आठवड्यात रोज पट्टी बसली. मग कमी झाली. महिन्याच्या शेवटी मामीच्या हातून खरोखरच पातेलं पडलं, घरातले सगळे वळले, आणि हा वळला नाही. मामाने त्या रात्री बासुंदी आणवली.

तपासणीत आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं, ते दाबलं नाही, दाखला मिळाला, मेडिकलला नंबर लागला. गावात बँड लावून मिरवणूक काढली होती म्हणे. कॉलेजात उजव्या कानाला मशीन लावून बसावं लागायचं. धडधाकट कानाला ते मशीन म्हणजे छळ, म्हणून ते आतला सेल काढून ठेवायचे. हॉस्टेलवर, मेसमध्ये, खेळताना, झोपेतून उठवलं तरी, डावीकडे बघायचं नाही. एक वयस्क प्रोफेसर होते. हा पोरगा बहिरा असून डॉक्टर व्हायला आला, याचं त्यांना इतकं अप्रूप, की सगळी पोरं गेल्यावर ते याला एकट्याला वॉर्डात थांबवून घ्यायचे आणि हृदयाचे ठोके परत परत ऐकवायचे. आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप त्यांनी याच्यासाठी कुठून तरी मागवून घेतला होता.

"ते मानूस घरी जेवाले न जाता माह्याजवळ थांबे," सर म्हणाले. "मले पयल्याच दिवशी सगळं ऐकू आलं होतं. मी रोज म्हनो, अजून एकदा लावा सर, नीट नाही आलं."

हे सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला. मी उगाच पावतीपुस्तक सरळ केलं.

ते फुटलं कसं, तर मामाच्याच तोंडून. मामाच्या मुलीचा साखरपुडा होता, अकोल्याला. पंगत बसली होती आणि हा वाढायला होता. डावीकडून कोणीतरी वरण मागितलं आणि घरचंच कार्य म्हणून हा बेसावध वळला. पाहुणे म्हणाले, अरे, तुमचा भाचा तर बहिरा ना? मामा रंगात होता. भर पंगतीत म्हणाला, तो सरकारासाठी बहिरा आहे, घरासाठी नाही. सगळी पंगत हसली. त्या पंगतीत एक फुलवाला बसला होता, मंडपाला हार पुरवलेला, म्हणून आग्रहाने बसवलेला. तो हसला नाही. त्याचा मुलगा जन्मापासून ऐकत नव्हता. ओठ वाचून वाचून, रोज फुलांच्या ढिगात पुस्तक धरून तो पोरगा शिकला होता, आणि मेडिकलच्या त्या कोट्याच्या यादीत सरांच्या नावानंतर लगेच त्याचं नाव होतं, जागा न मिळालेलं.

तक्रार झाली. या वेळी वेगळं यंत्र लावलं. त्यात बटण दाबायचं नसतं, हो-नाही सांगायचं नसतं. डोक्याला तारा लावून नुसतं पडून राहायचं, मेंदू आपलं उत्तर आपणच देतो. मामाने महिनाभर शिकवलेलं काही त्या यंत्राला लागू नव्हतं. प्रवेश रद्द झाला. तेव्हा सर दुसऱ्या वर्षाला होते. पुन्हा कुठल्या मेडिकलला बसायची बंदी आली, वडिलांवर आणि मामावर केस झाली. वडील मोर्शीहून एसटीने तारखांना येत राहिले. ते वारले तेव्हाही पुढची तारीख लागलेली होती. मामाकडचं बोलणं बंद झालं. गावात बँड लावलेल्या रस्त्याने पुन्हा चालणं सरांना जमलं नाही. नंतर बी.एस्सी. केलं, आणि इथे आले.

"चौकशीच्या दिवशी ते फुलवाले बाहेर बाकड्यावर बसले होते, बाजूले तो पोरगा," सर म्हणाले. "त्यानं माह्याकडे पाह्यलं, राग-गिग काही नाही. माह्या ओठाकडे पाहून राह्यला होता, मी काही बोलतो का म्हनून. त्याच्या बापानं साहेबाले एकच विचारलं. म्हने, मंग आता ते जागा आमच्या पोराले भेटन का? साहेब म्हनले, दुसरं वर्ष चालू हाय बाबा, आता कोनालेच नाही भेटत. मी निंघालो त ती जागा तशीच रिकामी राह्यली. त्याच्याबी कामाची नाही, माह्याबी नाही."

माझं लक्ष सरस्वतीच्या फोटोकडे गेलं. त्या सोमवारचा हार अजून तिथे होता, करडा पडलेला. ओळखीचं दुकान कोणतं, ते मला कोणी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

गजाननराव ऐकून घेत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि त्यात नुसता राग नव्हता, भीतीही होती. त्यांना त्यांच्या मुलीची भीती वाटत असावी, किंवा गावाची. ते म्हणाले, "तुमी पकडल्या गेले म्हनून हे सांगून राह्यले. नसते पकडल्या गेले, त आज तुमी डॉक्टर असते."

"हो," सर म्हणाले. "असतो. अन् घरी लेकरानं डावीकून हाक मारली असती, तरी मले वळता नसतं आलं."

मग ते वैष्णवीकडे वळले. एवढंच म्हणाले, "तुले ठोका ऐकू येते बेटा. तो गमावू नको." गजाननरावांनी तिला उठवलं आणि घेऊन गेले. संत्र्यांची पिशवी राहिली. मी हाक मारणार होते, पण मारली नाही.

पुढचं फार पटकन झालं. दुसऱ्याच दिवशी गजाननरावांनी मोठ्या सरांना फोन करून सगळं सांगितलं. खोटं काहीच सांगितलं नाही, तेवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन. मोठे सर वाईट नाहीत, पण त्यांचा क्लास आहे. ते म्हणाले, शिकवण्याबद्दल प्रश्नच नाही, पण पालकांना काय सांगू? फ्रॉडमध्ये सापडलेला माणूस फॉर्म तपासायला बसतो म्हटलं तर लोक काय म्हणतील? त्याच माणसाने फॉर्म तपासायला बसलं पाहिजे असं मला वाटलं होतं. मी ते बोलले नाही. माझ्या बोलण्याने काही झालंही नसतं, पण बोलले नाही हे खरं.

स्टाफरूममध्ये त्या दिवशी जे झालं, त्याचं मला आजही हसू येतं आणि लाजही वाटते. कोणाला त्यांच्या मेडिकलचं, त्या फुलवाल्याच्या मुलाचं काही पडलेलं नव्हतं. जो तो एकच हिशोब करत होता, मी डावीकडे उभं राहून काय काय बोललो. फिजिक्सवाला तर म्हणाला, हा विश्वासघात आहे. म्हणजे आम्ही त्यांच्या तोंडासमोर त्यांच्याबद्दल बोलत होतो, आणि विश्वासघात त्यांनी केला.

सरांनी काढून टाकायची वेळ कोणावर आणली नाही. आठवड्याअखेर स्वतःच निघाले. परीक्षेआधीची उजळणी अर्धी राहिली होती, ती त्यांनी रोज दोन बॅच जादा घेऊन संपवली. शेवटच्या दिवशी मी त्यांच्यासोबत ऑटोच्या थांब्यापर्यंत गेले. हातात पिशवी, अंगात तोच स्वेटर. चालताना मी सवयीने त्यांच्या उजवीकडे गेले होते. ते म्हणाले, ताई, तुम्ही म्हणाल्या तसं याचं गोधडीचं वय झालंच आहे, पण अजून गरम आहे. मी रस्त्यात थांबले. ते हसत होते, अगदी मनापासून, आणि मला रडू आलं.

मी विचारलं, "इथे तर तुम्हाला कोणी ओळखत नव्हतं. इथे तरी का केलंत सर?"

ते म्हणाले, मुलाखतीला आले तेव्हा मोठ्या सरांनी डावीकडून नाव विचारलं आणि शरीर आपोआप उजवीकडून वळलं. मोठ्या सरांनी मायेने विचारलं, कान का? त्या मायेपुढे 'नाही' म्हटलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ते 'हो' म्हणाले. झालं. पुढे रोज त्या 'हो'ला जागावं लागलं.

मग ऑटो आला, आणि त्यात बसताना ते म्हणाले, "अन् ताई, खरं सांगू? ज्याची जागा घेतली त्याले ऐकू येत नाही. मले येते, हे लोकायले दाखवाची मले लाज वाटे."

त्यानंतरच्या सोमवारी सरस्वतीला हार नव्हता. गंगाबाईंनी राजापेठेतून ताजा आणला, टवटवीत, टपोऱ्या फुलांचा. मला तो परक्या घरातल्यासारखा वाटला. सरांच्या टेबलाशी आता दुसरे सर बसतात, तरणे, कानाने चांगले. त्यांच्याशी बोलायचं असलं की मी अजून टेबलाला वळसा घालून उजवीकडे जाते. ते एकदा म्हणाले, मॅडम, तुम्ही इकडूनच का येता नेहमी? मी म्हटलं, सवय.

वैष्णवी वर्षभराने आली, आमच्या फाइलीत राहिलेले कागद न्यायला. अकोल्याला बी.एस्सी. नर्सिंगला लागली होती. आल्या आल्या म्हणाली, मेरिटमध्ये. मी विचारायच्या आधीच. मला राहवलं नाही, मी त्या कानाच्या दाखल्याचं विचारलं. बाबा तिला अकोल्याच्या त्या माणसाकडे घेऊन निघालेच होते. तिने घराच्या दारात सांगितलं होतं.

"मी म्हटलं, बाबा, न्या मले तपासनीले. पन तिथं जेवढे आवाज येतीन तेवढ्याले मी बटन दाबीन."

तेव्हापासून गजाननराव तिच्याशी बोलत नाहीत. जेवलीस का, हेही आईला विचारायला लावतात. गावात सांगतात की त्या सरने आपल्या पोरीचं डॉक्टरपण घालवलं. हे सांगताना तिचा आवाज जरा कापला. 'डॉक्टर, पाणी पेल्या का' हे ऐकायची तिला सवय होती, आणि आता घरात तिला कोणीच काही म्हणत नव्हतं. मी तिला चहा पाजला. दुसरं काय करणार होते?

निघताना ती म्हणाली, सर अकोल्यातच असतात, कुठल्याशा शाळेत शिकवतात, आणि रोज संध्याकाळी एका फुलांच्या दुकानावर बसलेले दिसतात. तिच्या हॉस्टेलच्या वाटेवरच आहे ते.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नाला अकोल्याला गेले. कोणीतरी हार आणायला जायचं होतं. मी म्हटलं, मी जाते. घरातल्यांना नवल वाटलं, कारण अशा कामांना मी कधी उठत नाही.

दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला एक टपरी, पुढे ओल्या गोणपाटावर झेंडूचा ढीग. सर एका उलट्या खोक्यावर बसले होते, तोच स्वेटर. समोर त्यांच्याच वयाचा एक माणूस सुईत दोरा ओवून हार करत होता, केस पांढरे व्हायला लागलेला. त्याचा बाप, तो फुलवाला, दिसला नाही. सर त्याच्याशी बोलत होते, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून, वर्गात कधी बोलले नाहीत इतक्या हळू. तो मध्येच वर बघायचा, पुन्हा सुईकडे. त्यांची मैत्री झाली होती असं मी म्हणणार नाही. त्याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. तो हसत नव्हता. सरांना त्याने उठवूनही लावलं नव्हतं, इतकंच.

मी रस्त्याच्या अलीकडे होते, सरांच्या डाव्या हाताला. हाक मारली, "सर."

ते हलले नाहीत. ऑटो गेला म्हणून असेल, असं वाटलं. तो गेल्यावर पुन्हा मारली, मोठ्याने. पानठेल्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं. सर तसेच समोर बोलत राहिले. आता कोणापासून लपवायचं होतं त्यांना?

समोरच्या माणसाने सरांच्या ओठांकडे बघायला मान वर केली आणि त्याला मी दिसले, तोंड उघडून हाक मारताना. त्याने सुई फुलांच्या ढिगात खोचली. हात पुढे करून सरांच्या गुडघ्यावर दोन बोटांनी टकटक केलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. तुम्हाला कोणी बोलावतंय.

सर उठले आणि वळले. नेहमीसारखे, उजवीकडून.